कर्नल बेडोम आणि सहावा चौकोन

गेल्या ऑक्टोबरच्या सुट्टीत आमच्या निसर्ग मंडळाचे शिबिर निलगिरी डोंगरात झाले. ऊटीच्या पश्चिमेला, अव्हलांचीच्या बाजूला, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर मोठी गवताळ कुरणे आहेत. वनखात्याच्या परवानगीने आम्ही चौदा कॅडेट तिथे चार रात्री राहिलो. काम होते बेडूक, सरडे आणि साप यांची मोजणी. पकडायचे काहीही नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्याशिवाय तसे करता येत नाही, आणि आम्हाला परवानगी फक्त पाहण्याची, ऐकण्याची आणि लिहिण्याची होती.

त्या शिबिरात माझ्या हातून एक चूक झाली. ती या लेखाच्या शेवटी सांगणार आहे. पण आधी एका माणसाविषयी लिहितो, कारण त्याच्याविषयी वाचले नसते तर ती चूक मी कधीच कोणाला सांगितली नसती. त्याचे नाव रिचर्ड हेन्री बेडोम. तोही सैनिक होता आणि वयाच्या अठराव्या वर्षी घर सोडून निघाला होता. म्हणजे माझ्यापेक्षा फक्त एका वर्षाने मोठा असताना.

बेडोमचा जन्म ११ मे १८३० रोजी लंडनच्या क्लॅपहॅम भागात झाला. वडील वकिली व्यवसायातले. थोरल्या मुलानेही कायदा शिकावा अशी घरच्यांची इच्छा होती. चार्टरहाउस या जुन्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. पण त्याने वकिली नाकारली आणि १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात नाव नोंदवले. त्या काळी कंपनीच्या सैन्यात अधिकारी होण्यासाठी निघालेल्या मुलांनाही कॅडेटच म्हणत. त्याला ४२ वी मद्रास नेटिव्ह इन्फंट्री मिळाली. आधी जबलपूर आणि मग सिकंदराबाद अशी त्याची नेमणूक झाली. पलटणीत तो क्वार्टरमास्टर आणि दुभाषी म्हणून काम पाही. म्हणजे शिध्याचा हिशोब ठेवायचा आणि शिपायांची भाषा समजून घ्यायची. ही दोन्ही कामे पुढे जंगलात त्याला फार उपयोगी पडली असतील असे मला वाटते.

त्याचे खरे मन मात्र झाडापानांत आणि किड्यामुंग्यांत होते. हे ओळखले ह्यू क्लेगहॉर्न या डॉक्टरने. क्लेगहॉर्न मद्रास सैन्यातला शल्यवैद्य होता आणि वनस्पतिशास्त्राचा जाणकार होता. १८५६ मध्ये मद्रास इलाख्यात वनखाते सुरू झाले तेव्हा त्याची धुरा क्लेगहॉर्नकडे आली. त्याला जंगलात राहू शकणारी, आजाराला न भिणारी आणि नीट नोंदी ठेवणारी माणसे हवी होती. त्याने बेडोमला मदतनीस म्हणून घेतले. १८६० मध्ये बेडोमच त्या खात्याचा प्रमुख झाला आणि १८८२ पर्यंत त्या जागेवर राहिला. सैन्यातला हुद्दा कायम होता, तो वाढत वाढत कर्नलपर्यंत गेला. पण त्याचे आयुष्य गेले ते जंगलात.

या खात्याची स्थापना केवळ निसर्गप्रेमापोटी झाली नव्हती, हेही सांगायला हवे. रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत, इंजिनाच्या भट्टीत लाकूड जळे. जहाजांना साग हवा होता. अनामलैच्या जंगलातला साग तर आपल्या मुंबईच्या गोदीपर्यंत येत असे. जंगल असेच तुटत राहिले तर उद्या लाकूडच मिळणार नाही, ही सरकारची भीती होती. म्हणून खाते निघाले. जंगल राखणे आणि जंगल तोडणे ही दोन्ही कामे एकाच कार्यालयातून होत. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांवर त्या खात्याने नवे नियम लादले. निलगिरीच्या कुरणांवर तर इंग्रजी अमदानीत ऑस्ट्रेलियातून आणलेली वॉटल आणि निलगिरीची झाडे लावली गेली. आज ती इतकी माजली आहेत की मूळ गवत अनेक ठिकाणी दिसेनासे झाले आहे. ऊटीला जाणारे पर्यटक ज्या उंच झाडांचे फोटो काढतात, त्यांतली पुष्कळशी तिथली नाहीत. आमच्याबरोबरच्या वनरक्षकाने पहिल्याच दिवशी हे हात दाखवून समजावले.

मूळचे निलगिरी कसे होते ते समजायला उरलेले एखादे कुरण पाहावे लागते. सगळा डोंगरमाथा गवताचा आणि दोन उतारांच्या खोबणीत, जिथे ओल टिकते तिथे, ठेंगण्या सदाहरित झाडांची दाट बने. या बनांना शोला म्हणतात. पावसाचे पाणी गवताच्या मुळांत आणि शोलातल्या पालापाचोळ्यात मुरते आणि वर्षभर झिरपत राहते. रात्री इतकी थंडी पडते की हिवाळ्यात गवतावर हिम धरते. अशा जागी साप-बेडूक कशाला राहतील असे मला वाटले होते. पण आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी सांगितले की इथे राहणारे अनेक प्राणी जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. एकेका डोंगररांगेचा माथा म्हणजे त्यांच्यासाठी एकेक बेट आहे. खाली दरीत उतरले की उष्मा, आणि तो त्यांना सोसत नाही. त्यामुळे एका माथ्यावरचा बेडूक समोर दिसणाऱ्या दुसऱ्या माथ्यावर जाऊ शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहून त्यांच्या वेगळ्या जाती झाल्या.

बेडोमने हीच बेटे पालथी घातली. अनामलै, निलगिरी, वायनाड, त्रावणकोर आणि तिरुनेलवेलीचे डोंगर, आणि पूर्व घाटात विशाखापट्टणम आणि जेपोरच्या टेकड्या. घोडा जाईल तिथवर घोडा, पुढे पायी. सामान बैलगाडीने आणि त्यापुढे हमालांच्या डोक्यावरून. तराईच्या जंगलात हिवताप हमखास असे. कामाचा हेतू होता झाडांची पाहणी, पण झाडे पाहता पाहता तो कुजलेले ओंडके उलटे, दगड उचले आणि पालापाचोळा बाजूला सारी. त्याखाली जे सापडेल ते अर्कात बुडवून बाटलीत ठेवायचे, सोबत ठिकाण आणि उंची लिहायची, आणि जहाजाने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवायचे, ही त्या काळची पद्धत होती. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधीच्या दिवसांत एखादी पेटी लंडनला पोहोचणे म्हणजे मोठे दिव्य असे. कॅमेरा सहज हाती नव्हता, तेव्हा नवीन जात सिद्ध करायची तर प्राणीच पाठवावा लागे. आज आपण ते करत नाही, आणि आज आपल्याला जे माहीत आहे ते त्या बाटल्यांमुळेच, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्याचे सर्वात आवडते प्राणी बहुधा जमिनीत राहणारे लहान साप असावेत. आपल्याकडे महाबळेश्वर-आंबोलीच्या बाजूला त्यांच्यातल्याच एका सापाला खापरखवल्या म्हणतात. माझे आजोळ जावळी तालुक्यात आहे. पावसाळ्यात बांधावर हा साप निघाला की आजी आम्हा मुलांना त्याला मारू देत नसे. तो विषारी नाही, गांडुळे खातो आणि पुन्हा मातीत जातो. त्याचे डोके निमुळते असते आणि शेपटी मात्र कोणीतरी तिरकी छाटून टाकावी तशी बोथट. त्या शेपटीच्या टोकावर खरखरीत खवले असतात आणि त्यांवर मातीचा थर चिकटतो. साप बिळात शिरला की मागून येणाऱ्या शत्रूला नुसते मातीचे बूच दिसते. हे साप अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात. साऱ्या जगात ते फक्त दक्षिण भारताच्या द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत सापडतात. दरवेळी वेगळ्या डोंगरावर वेगळा खापरखवल्या, हे बेडोमने एकामागून एक दाखवून दिले. १८६२ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे तज्ज्ञ अल्बर्ट गुंथर यांनी अनामलैतल्या अशाच एका सापाला बेडोमचे नाव दिले. निवृत्तीनंतर, १८८६ मध्ये, बेडोमने भारत आणि श्रीलंकेतल्या या सापांचा समग्र आढावा लिहून प्रसिद्ध केला.

याशिवाय त्याने शास्त्रीय वर्णन करून नाव दिलेले प्राणी थोडेथोडके नाहीत. १८६२ मध्ये मोठ्या खवल्यांचा हिरवा चापडा. १८७८ मध्ये अनामलैचा सरडा, जो उंचावरच्या शोला आणि कुरणांच्या कडेला राहतो. त्याच वर्षी एक लहानसा काळा बेडूक, ज्याच्या अंगावर फिकट निळसर ठिपके असतात आणि ज्याला डिवचले की तो अंग गोळा करून घेतो. हा बेडूक त्यानंतर दशकानुदशके क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडला. वनस्पतींवरचे त्याचे काम तर याहून मोठे. दक्षिण भारताचे नेचे, ब्रिटिश भारताचे नेचे आणि दक्षिण भारतातली वनवृक्षसंपदा यांवर त्याचे सचित्र ग्रंथ आहेत. त्यांतल्या चित्रांसाठी ज्यांचे हात राबले त्यांच्यात गोविंदू नावाचा भारतीय चित्रकार होता. ज्यांनी बेडोमला वाटा दाखवल्या, दगड उलटले, बिळे खणली, त्या डोंगरी माणसांची नावे मात्र मला कुठे सापडली नाहीत. मला ही गोष्ट खटकली. आमचीही पाहणी वनरक्षकाशिवाय एक पाऊल पुढे सरकली नसती, म्हणून आमच्या अहवालात त्याचे नाव पहिल्या पानावर आहे.

१८८२ मध्ये बेडोमने पद सोडले. पुढे इंग्लंडला परतून तो लंडनजवळ वाँड्सवर्थला राहिला आणि बागेत झाडे वाढवत राहिला. २३ फेब्रुवारी १९११ रोजी त्याचे निधन झाले. वय ऐंशी.

इथपर्यंतची माहिती मी शाळेच्या ग्रंथालयात बसून गोळा केली. शिबिरानंतर प्रत्येकाला एका निसर्ग अभ्यासकावर लिहायला सांगितले होते आणि माझ्या वाट्याला बेडोम आला होता. सैनिक होता, साप पकडायचा, विषय सोपा आहे, असा माझा हिशोब होता. पण वाचता वाचता मी एका जागी अडलो.

१८७० मध्ये बेडोमने पूर्व घाटातल्या एका बिनपायांच्या सापसुरळीचे वर्णन केले होते. नमुना एकच होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ती कोणाला मिळाल्याची प्रसिद्ध नोंद नाही. शेवटी भारतीय संशोधकांनी ती आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या डोंगरांत पुन्हा शोधली आणि २०१३ मध्ये तसे जाहीर केले. जेपोरजवळच्या डोंगरावरून बेडोमने वर्णन केलेली एक पालही अशीच शतकभर गायब राहून या शतकात पुन्हा सापडली. या दोन्ही शोधांत मराठी संशोधकाचा हात होता हे वाचून छाती फुगली.

मग मी विचार करू लागलो. ही माणसे कशाच्या भरवशावर गेली? एका जुन्या वर्णनाच्या आणि एका ठिकाणाच्या नावाच्या. बेडोमच्या नोंदी सगळ्याच चांगल्या नाहीत. काही ठिकाणी डोंगराचे नाव आणि फुटांत उंची आहे, तर त्याच्या काही नमुन्यांपुढे नुसते मलबार किंवा त्रावणकोर एवढेच लिहिलेले आढळते. मलबार म्हणजे शेकडो किलोमीटरचा प्रदेश. तिथे बोटभर बेडूक कुठे शोधायचा? नोंद जितकी तोकडी, तितकी पुढच्या माणसाची पायपीट जास्त. पण तोकडी असली तरी त्यातली जी नोंद खरी होती, ती दीडशे वर्षांनी उपयोगी पडली. खोटी असती तर लोक भलत्याच डोंगरावर शोधत राहिले असते आणि ती जात नष्ट झाली असे समजून थांबलेही असते.

इथे मला माझा सहावा चौकोन आठवला.

शिबिराच्या तिसऱ्या रात्री कुरणाच्या उतारावर सहा चौकोन आखले होते, प्रत्येक दहा मीटर बाजूचा. दोघादोघांच्या जोड्या. प्रत्येक चौकोनात दहा मिनिटे थांबायचे, टॉर्चच्या उजेडात दिसलेले आणि अंधारात ओरडताना ऐकलेले बेडूक मोजायचे, वेळ आणि तापमान लिहायचे. वनरक्षक टेकाडावर कंदील घेऊन उभा होता, तिथून सगळा उतार दिसे. निघण्याआधी सरांनी एक गोष्ट दोनदा बजावली होती. बेडूक शोधला आणि नाही मिळाला, तर शून्य लिहा. चौकोनात गेलाच नाहीत, तर आडवी रेघ मारा. शून्य आणि रेघ यांत गल्लत करू नका.

माझ्याबरोबर नववीतला एक ज्युनियर होता. वही त्याच्याकडे, मोजायचे मी. पाचवा चौकोन झाला तेव्हा पावसाची जोराची सर आली. बोटे बधिर झाली होती, बुटात पाणी शिरले होते. सहावा चौकोन खाली शोलाच्या कडेला दलदलीत होता. ज्युनियर तिकडे चालायला लागला. मी त्याला थांबवले. तिथे काही नसणार, शून्य लिही, असे सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि लिहिले. सीनियरने सांगितल्यावर तो दुसरे काय करणार होता? तंबूत परतून आम्ही गरम चहा प्यायलो. सकाळी सरांनी सगळ्या वह्या पाहिल्या, आमची वही नीटनेटकी म्हणून दाखवलीसुद्धा.

ग्रंथालयात हे आठवल्यावर पुढे लिहवेना. एका बेडकाने काय फरक पडतो, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण आमचा अहवाल वनखात्याकडे गेला होता. दहा वर्षांनी तिथे वॉटल काढून गवत परत आणायचे ठरले, तर कोणीतरी तो अहवाल उघडून म्हणेल की या दलदलीत बेडूक नव्हतेच. दुसरी गोष्ट मला जास्त बोचत होती. उद्या मी अधिकारी झालो आणि गस्तीवर न जाता रस्ता मोकळा आहे असे कळवले, तर त्या रस्त्यावरून माझी माणसे जातील. शून्य आणि रेघ यांतला फरक तिथे जिवाशी येतो.

दुसऱ्या दिवशी पीटीनंतर सरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी फक्त वही काढली. शून्य खोडायचे नाही, त्यावर एकच सरळ रेघ ओढायची म्हणजे आधी काय लिहिले होते ते वाचता येते. शेजारी दुरुस्ती, कारण, तारीख आणि सही. माझ्याकडूनच ते करून घेतले. वनखात्याला दुरुस्तीचे पत्र गेले, त्यावरही माझी सही आहे. निसर्ग मंडळाचे सचिवपद त्या सत्रापुरते माझ्याकडून काढून घेतले. ते योग्यच झाले.

सरांशी बोलण्यापेक्षा ज्युनियरशी बोलणे जड गेले. तो मेसबाहेर भेटला. चूक माझी होती, तुला खोटे लिहायला मी लावले, असे त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की पाचव्या चौकोनातून निघताना खालून एक ओरडणे ऐकल्यासारखे त्याला वाटले होते, पण माझ्यासमोर बोलायचा धीर झाला नाही.

ते ओरडणे खरे होते की पावसाचा भास, ते आता कळणार नाही. ते नोंदीत लिहिता येत नाही, कारण आम्ही तिथे गेलोच नाही. वहीत सहाव्या चौकोनापुढे आडवी रेघ आहे.

या ऑक्टोबरमध्ये मंडळ पुन्हा त्याच कुरणात जाणार आहे. माझे बारावीचे वर्ष असल्याने मी नसेन. ज्युनियर जाणार आहे आणि या खेपेला मोजणार तो, वही त्याच्या ज्युनियरकडे असेल. त्याला मी माझा जाड रेनकोट दिला आहे, आणि सुरुवात सहाव्या चौकोनापासून करायला सांगितले आहे.